विश्लेषण : आई-वडील ऊसतोडीला, मूल गावात! शाळेच्या हजेरीपटाला हा दुरावा का दिसत नाही?

दसऱ्याच्या आगेमागे साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होते, मग मोळी पूजन आणि पाठोपाठ गाळप. याच दिवसांत कोरडवाहू गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून त्यांना गावातच ठेवण्यावर शासनाचा भर आहे आणि तो योग्यही आहे. मात्र शाळेत टिकलेल्या या मुलांच्या घरातून आई आणि वडील दोघेही एकाच दिवशी पाच-सहा महिन्यांसाठी निघून जातात, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. मुलांच्या मनावरील आघात आणि त्यांच्या जिव्हाळ्याची नाती यांची जाण शाळेला असायला हवी, हा विचार आता जगभर मांडला जात आहे. सोलापूरसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय आणि शाळा नेमके काय करू शकतात, याचा हा आढावा.

दोन्ही पालक एकदम का जातात?

ऊसतोडीत मजुरीचे एकक माणूस नसून जोडी आहे. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. हंगामाआधी मुकादम देतो ती उचलही कोयत्याच्या हिशेबाने ठरते. ऊस तोडणे, वाढे छाटणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे हे सगळे काम जोडीने होते. बांधकामावर किंवा कारखान्यात जाणाऱ्या मजुराच्या घरी वडील शहरात आणि आई गावात, अशी विभागणी होऊ शकते. ऊसतोड मजुराच्या घरी ती सोय सहसा नसते.

अशा वेळी मुलांपुढे दोनच वाटा उरतात. सोबत गेले तर फडाजवळच्या कोपीत राहायचे. पालक पहाटे फडात गेले की मोठ्या बहिणीने धाकट्याला सांभाळायचे आणि शाळा अर्ध्यावर सोडायची. मागे राहिले तर आजी-आजोबा, चुलते किंवा हंगामी वसतिगृह यांच्या भरवशावर राहायचे.

सोलापूर जिल्हा या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना आहे. तीसहून अधिक साखर कारखाने असल्याने बीड, धाराशिव, जालना अशा जिल्ह्यांतून हजारो मजूर इथे येतात. त्याच वेळी जिल्ह्यातील कोरडवाहू पट्ट्यांतून टोळ्या बाहेरही जातात. त्यामुळे एका गावच्या शाळेत दिवाळीनंतर मुले आहेत पण त्यांचे पालक नाहीत, तर दुसऱ्या गावच्या शाळेत नोव्हेंबरात अनोळखी मुले दाखल होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात.

शासनाने आतापर्यंत काय केले?

बरेच काही केले आहे. आधी साखरशाळा निघाल्या. नंतर स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आले, म्हणजे मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेत त्याला विनाअडथळा बसता यावे. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली गेली. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. तीत ४१ तालुक्यांसाठी मुलांचे एक व मुलींचे एक अशी एकूण ८२ वसतिगृहे प्रस्तावित होती.

या सगळ्या उपायांचे मोजमाप एकच आहे : मूल शाळेत आहे की नाही. निधी, जेवणाची ताटे, पटसंख्या, सगळा हिशेब हजेरीवर चालतो. हजेरी मोजायलाच हवी. शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न लवकर लागते, मुलगा लवकर कोयता हाती घेतो, हे या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. पण आई-वडिलांपासून वेगळे केलेले मूल वर्गात बसून शिकू शकते का, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारत नाही.

‘अटॅचमेंट’ म्हणजे नेमके काय?

मराठीत यासाठी जुना शब्द आहे : लळा. भूक लागली, भीती वाटली, लागले-खुपले की मूल ज्या माणसाकडे धावते, त्याच्याशी त्याचा बंध तयार झालेला असतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या बंधाचा शास्त्रीय अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयीचा त्यांचा अहवाल १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. पाठीशी भरवशाचे माणूस आहे याची खात्री असेल तरच मूल नवे काही धुंडाळायला, म्हणजेच शिकायला मोकळे होते, हे त्यांच्या मांडणीचे सार. खात्री नसेल तर त्याचे सगळे लक्ष धोका कुठून येईल, यावर राहते. अशा मुलाला पाढे येत नाहीत ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, लक्ष दुसरीकडे गुंतलेले असते म्हणून.

बोल्बी यांनी आईवर फार भर दिला, अशी टीका नंतर झाली. मायकेल रटर यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले की हा बंध आईपुरता नसतो. आजी, वडील, मावशी, मोठी बहीण यांच्याशीही तो तितकाच घट्ट होऊ शकतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे आई-वडील ऊसतोडीला गेले म्हणजे प्रत्येक मूल मनाने कोलमडले, असे समजणे चूक ठरेल. ज्या आजीच्या कुशीत ते आधीपासून झोपते, तिच्याजवळ राहिलेले मूल हा काळ बऱ्यापैकी निभावून नेते. जे न सांगता, न विचारता, फारशी ओळख नसलेल्या हाती सोपवले जाते, त्याची गोष्ट वेगळी.

‘आता रुळला’ या शब्दात धोका कोणता?

बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले. त्या काळी ब्रिटनमधील रुग्णालयांत पालकांना भेटायला फारसे येऊ देत नसत. भेट झाली की मुले रडतात आणि नंतर शांत होतात, मग भेटच कशाला, असा कर्मचाऱ्यांचा युक्तिवाद होता. रॉबर्टसन यांना तीन टप्पे दिसले. आधी मूल आकांत करते. मग खचून गप्प होते. शेवटी ते सगळ्यांशी वरवर नीट वागू लागते, पण आई आली तर तिच्याकडे पाठ फिरवते. हा तिसरा टप्पा बाहेरून ‘सुधारणा’ वाटतो. प्रत्यक्षात मुलाने अपेक्षा ठेवणे सोडलेले असते. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला, त्यावर वाद झाला आणि अखेर १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर ब्रिटनमधील रुग्णालयांचे दरवाजे पालकांसाठी खुले होऊ लागले.

आपल्याकडे वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे ठेवलेल्या मुलाबद्दल आठ-पंधरा दिवसांनी सांगितले जाते, ‘आता रुळला बघा.’ खरोखर रुळलेले मूल खेळते, भांडते, हट्ट करते, प्रश्न विचारते. काहीच न मागणारे, सांगेल ते ऐकणारे, कोणी आले-गेले तरी ज्याला फरक पडत नाही असे मूल रुळलेले असेलच असे नाही. शिक्षकांच्या दृष्टीने असे मूल ‘गुणी’ असते, त्यामुळे त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

वर्गात हे कसे दिसते?

एकाच कारणाची उलटसुलट रूपे दिसतात. एखादा मुलगा दिवाळीनंतर अचानक मारामारी करू लागतो. एखादी मुलगी पोषण आहारातला भात डब्यात लपवून ठेवते. कोणी वर्गात झोपते, कारण रात्री झोप लागत नाही. कोणी बाईंचा पदर सोडत नाही, कोणी जवळ घेतले तर अंग चोरते. पोटदुखीच्या तक्रारी वाढतात. थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते.

यातील एकेका लक्षणावरून काही सिद्ध होत नाही. पोटदुखी खरीही असू शकते. पण पालक गेल्याच्या आठवड्यापासून वागणे बदलले असेल, तर शिक्षकाने दोन्ही गोष्टी जोडून पाहायला हव्यात. त्यासाठी पालक केव्हा गेले, हे शाळेला माहीत असावे लागते. नेमके तेच बऱ्याचदा माहीत नसते. मग लक्षणाला शिक्षा होते. उद्या पालकांना घेऊन ये, असे ज्या मुलाला सांगितले जाते त्याचे पालक दोनशे किलोमीटरवर फडात असतात.

भूकंप आणि हंगाम यांत फरक काय?

आघातग्रस्त मुलांचा प्रश्न या भागाला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. अनाथ झालेल्या मुलांसाठी सोलापूरजवळच्या नळदुर्ग येथे समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. कोविडच्या साथीत पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये राज्याने आणि केंद्राने आर्थिक मदतीच्या योजना आणल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने घरे, गुरे आणि दप्तरेही वाहून गेलेली मुले जिल्ह्याने पाहिली.

या घटना मोठ्या असतात, दिसतात, बातम्यांत येतात. समाज धावून जातो. ऊसतोडीमुळे होणारी ताटातूट मात्र इतकी नेहमीची झाली आहे की ती कोणाला घटना वाटत नाही. खरे तर तिच्याबाबत शाळेच्या हाती एक मोठी सोय आहे. भूकंप सांगून येत नाही, पूर फार तर दोन दिवस आधी कळतो. गाळप हंगाम केव्हा सुरू होणार, हे दरवर्षी राज्यस्तरीय मंत्री समिती जाहीर करते. कोणत्या गावातून कोणत्या मुकादमाची टोळी जाणार, हे गावाला महिनाभर आधी ठाऊक असते. तारीख ठरलेली असताना तयारी न करणे, याला सबब नाही.

एक माणूस खरेच पुरतो का?

याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते. पहिले हवाई बेटांपैकी कौआई येथील. तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. गरिबी, घरातील भांडणे, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले धडधाकट, कर्तबगार माणसे म्हणून वाढली. त्यांच्यात जे समान आढळले त्यात एक गोष्ट ठळक होती : किमान एका मोठ्या माणसाशी टिकलेले, भरवशाचे नाते. तो माणूस आई-बापच होता असे नाही. कुठे आजी होती, कुठे शिक्षक.

दुसरे उदाहरण युद्धकाळातील लंडनचे. १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतील लाखो मुलांना खेड्यांत हलवण्यात आले. त्याच वर्षी बोल्बी आणि दोन सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला पत्र लिहून पाच वर्षांखालील मुलांना आईपासून तोडण्याचे धोके सांगितले होते. जीव वाचवणे गरजेचे होतेच, पण वाचलेल्या मुलाला पुढे काय लागते हाही प्रश्न होता. ॲना फ्रॉइड यांनी हॅम्पस्टेडच्या बालगृहात त्यावर साधा तोडगा काढला. सगळ्यांनी सगळ्या मुलांना सांभाळण्याऐवजी प्रत्येक काळजीवाहू बाईकडे मोजकी मुले नेमून दिली. सुरुवातीला मुले जास्तच हट्टी आणि मत्सरी झाली. मग मात्र त्यांचे बोलणे आणि सवयी झपाट्याने सुधारल्या. कर्मचारी तेच होते, खर्चही तोच होता. बदलले ते एवढेच की प्रत्येक मुलाला ‘माझी’ म्हणता येईल अशी एक व्यक्ती मिळाली.

कायदा आणि न्यायालय काय म्हणते?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शक्यता कळल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पालक दूर असलेल्या मुलींबाबत हे कलम प्रत्येक मुख्याध्यापकाला तोंडपाठ असायला हवे. राज्यात मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करायला सांगितले गेले. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणानंतर त्या कागदावरच आहेत का, याची विचारणा सुरू झाली.

सर्वांत ताजा टप्पा सर्वोच्च न्यायालयाचा आहे. २५ जुलै २०२५ रोजी सुखदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात न्यायालयाने देशभरातील शैक्षणिक संस्थांसाठी मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे आणि शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. प्रकरण स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे असल्याने चर्चा कोचिंग क्लासपुरती राहिली. सूचना मात्र शाळा आणि वसतिगृहांनाही लागू आहेत. ज्या वाडीवस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक आणि तीस मुले आहेत तिला दुसरी सूचना लागू होते. तिचे समुपदेशन जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाशी कोण जोडून देणार, हे जिल्हा परिषदेने ठरवायचे आहे.

मग शाळेने नेमके काय करावे?

यातील बहुतेक गोष्टींना निधी लागत नाही.

पहिली गोष्ट, दसऱ्यापूर्वी यादी. कोणाचे पालक जाणार, मूल कोणाकडे राहणार, फोन कोणत्या वेळी लागेल, मूल घाबरले की कशाने शांत होते, एवढी चार उत्तरे पालकांकडून लिहून घ्यावीत. याच भेटीत त्यांना एक विनंती करावी. रडारड नको म्हणून मूल झोपेत असताना निघून जाण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती टाळावी. सांगून, दिसत असताना निघावे. मूल रडेल, पण उद्या सकाळी उठल्यावर आणखी कोण नाहीसे झाले असेल, ही भीती त्याला राहणार नाही.

दुसरी, प्रत्येक मुलाला एक नेमलेले मोठे माणूस. ते शिक्षकच असावे असे नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, वसतिगृहातील मावशी, अंगणवाडी सेविका, कोणीही चालेल. काम रोज दोन मिनिटांचे : नावाने हाक मारणे, जेवलास का विचारणे, काल काय झाले ते लक्षात ठेवणे. मात्र हंगामभर माणूस तेच असावे आणि सुटीवर जाताना त्याने मुलाला सांगून जावे.

तिसरी, ठरलेल्या दिवशी फोन. पालक पहाटे फडात असतात, रात्री गाडी भरण्याचा भरवसा नसतो. त्यामुळे वेळ त्यांना विचारून ठरवावी. ‘पाडव्याला येईन’ असे वचन देऊ नये, कारण हंगाम ऊस संपेपर्यंत चालतो आणि दिवस मोजणाऱ्या मुलाचा भरवसा तारीख हुकली की मोडतो. दर रविवारी फोन करीन, हे वचन पाळता येते.

चौथी, शाळेच्या भाषेत थोडा बदल. पालकांची सही, पालकांना घेऊन येणे, माता-पालक मेळावा, ‘माझी आई’ निबंध, हे सगळे घरी पालक आहेत असे गृहीत धरून चालते. ते बंद करण्याची गरज नाही. आजीची सही चालावी, मेळाव्याला मोठी बहीण यावी, निबंधाला दुसरा विषय असावा, इतकेच.

पाचवी, मजूर येतात त्या गावच्या शाळांसाठी. पाहुण्या मुलाला पहिल्याच दिवशी हजेरीत नाव, बसायची जागा, पुस्तक आणि एक सोबती मिळावा. मार्चमध्ये ते निघेल तेव्हा वर्गाने त्याला निरोप द्यावा. कित्येक मुले एक दिवस नुसती येईनाशी होतात आणि त्यांचे नाव लाल शाईत जाते.

सहावी, परतीची तयारी. पालक आले की सगळे ठीक होईल, असे वाटते. पण काही मुले परतलेल्या आईशी बोलत नाहीत, चिडतात. त्यावर आई म्हणते, पोर आम्हाला विसरले. पोर विसरलेले नसते, रागावलेले असते आणि ते ओसरायला वेळ लागतो, हे तिला सांगणारे कोणी हवे.

याउपर मूल स्वतःला इजा करत असेल, आठवडेच्या आठवडे खात-बोलत नसेल, अत्याचाराचा संशय असेल, तर शिक्षकाने घरगुती उपाय करत बसू नये. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६ या दोन्ही क्रमांकांवर मोफत मदत मिळते.

यावर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप, महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वसतिगृहात राहून शिकल्या, तेव्हा कोणाला आघात झाला नाही. हे अर्धेच खरे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले तेव्हा त्या मुलांना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाई तिथे होत्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रासह दागिने मोडल्याचे सगळा महाराष्ट्र सांगतो. त्या परंपरेचा दाखला देताना वसतिगृहाची इमारत आठवायची आणि लक्ष्मीबाईंना विसरायचे, असे करता येणार नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो रास्त आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती मदत ही कामे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच शिक्षकांकडे ठेवली आहेत. त्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचा रोजचा भार. त्यात ‘आघात-जाणीव’ नावाची आणखी एक नोंदवही आली तर ती भरली जाईल आणि मुले आहेत तिथेच राहतील. म्हणून यासाठी नवे पोर्टल नको. शाळेकडून माहिती मागवण्याऐवजी प्रशासनाने शिक्षकाचा वेळ मोकळा करावा आणि हंगामाच्या मध्यात वसतिगृहाची माणसे बदलू नयेत.

तिसरा आक्षेप शास्त्रीय आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांवरील अभ्यासात बालपणीचे आघात आणि पुढचे आजार यांचा संबंध दिसला. तेव्हापासून मुलांच्या आघातांचे ‘गुण’ मोजण्याची टूम निघाली. त्या अभ्यासाच्या कर्त्यांपैकी रॉबर्ट आंदा यांनीच २०२० मध्ये बजावले की हे गुण एकेका मुलाचे निदान करण्यासाठी नाहीत. शाळांसाठीच्या ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ कार्यक्रमांचा २०१९ मध्ये कॅम्पबेल संस्थेसाठी आढावा घेतला गेला, तेव्हा कठोर निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नाही. म्हणजे हे कार्यक्रम निरुपयोगी आहेत असे नाही, पण तयार पॅकेज विकत घेऊन जिल्हाभर एक दिवसाची कार्यशाळा उरकण्याला पुराव्याचा आधार नाही. ऊसतोड मजुराचे मूल म्हणजे ‘ट्रॉमा केस’ असा शिक्का तर त्याहून वाईट. गरिबीच्या शिक्क्याशेजारी आणखी एक शिक्का त्याला नको.

पुढे काय?

मूळ प्रश्न शाळेच्या बाहेर आहे. गावात काम, पाण्याची सोय आणि उचलीच्या फेऱ्यातून सुटका झाल्याशिवाय जोडीने जाणे थांबणार नाही. मजुरी कोयत्याच्या हिशेबाने ठरते तोवर मुलाचे दोन्ही पालक एकदमच जाणार. शाळेने हे ओझे एकटीने उचलावे, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल.

पण तोवर निघून जाणारी बालपणे परत मिळणार नाहीत. सोलापूर जिल्हा परिषदेला पुढच्या हंगामापूर्वी एवढे करता येईल : दसऱ्याआधीची पालक भेट प्रत्येक शाळेला सक्तीची करावी, हंगामी वसतिगृहाच्या तपासणीत ताटांबरोबर ‘या मुलाचे नेमलेले माणूस कोण’ हा एक प्रश्न वाढवावा आणि लहान शाळांना न्यायालयाच्या सूचनेप्रमाणे एक समुपदेशक जोडून द्यावा. कारखान्यांनीही आपल्या टोळ्यांची गावे आणि येण्या-जाण्याचे दिवस शिक्षण विभागाला कळवावेत. ऊस किती आला, याचा हिशेब त्यांच्या काट्यावर रोज होतो. त्या उसामागे किती मुले कोणाच्या भरवशावर मागे राहिली, याचाही हिशेब ठेवणे अवघड नाही.

मूल वर्गात आहे, एवढे हजेरीपट सांगतो. त्याला रात्री भीती वाटली तर ते कोणाला उठवते, हे मात्र त्यालाच विचारावे लागेल. ते विचारायला नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.